किनाऱ्यावर मशीन फिरवलं की ढक्कनंच निघतात. चूक मशीनची की जागेची?

संत्रानगरी (धागाकर्ता)
नागपूरकराच्या वाट्याला समुद्र येतो वर्षातून एकदा, तोही बहुतेक दिवाळीच्या सुट्टीत. त्यामुळे मेटल डिटेक्टरवाल्यांचा हा प्रश्न आपल्याकडे जास्तच टोचतो. मशीन साधं आहे, एकाच फ्रिक्वेन्सीचं, १५ किलोहर्ट्झ, ११ इंची कॉइल (वाळूवरून फिरवायची तबकडी). कोरड्या वाळूत बरं चालतं. ओल्या वाळूत गेलं की नुसती बडबड. निघतं काय, तर बाटल्यांची लोखंडी ढक्कनं, औषधाच्या गोळ्यांची पन्नी, खिळे, आणि नशीब असेल तर एखादा रुपया.
माझं मत असं झालंय की गर्दीचे किनारे स्थानिक लोकांनी आधीच साफ केलेले असतात, आणि उरलेल्यासाठी भारी मल्टी-फ्रिक्वेन्सी (एकदम अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारं) मशीन हवं. पटतं का? आणि मधल्या अकरा महिन्यांत नागपुरात सराव कुठे करावा?

तर्रीपोहे
समुद्र सोड भाऊ, आपल्या फुटाळा तलावावर फिरव. सोनं नाई तर भाजलेलं कणीस तरी भेटन.

मालगुंडकर
दोन्ही मतं पटली नाहीत. किनारा "साफ झालेला" क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो झाकलेला असतो.
पावसाळ्यात जून ते सप्टेंबर मोठ्या लाटा कोकणातली पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, ओरबाडून आत नेतात. किनारा खाली बसतो, कुठे कुठे राखाडी कडक थर किंवा शिंपल्यांचा खच उघडा पडतो. पाऊस संपला की शांत लाटा तीच वाळू हळूहळू परत आणून टाकतात, आणि मे महिन्यापर्यंत पुळण पुन्हा फुगते. हा फरक सहज मीटरभराचा असू शकतो. आता हिशोब करा. ११ इंची कॉइलला खाऱ्या ओल्या वाळूत अंगठी पंधरा-वीस सेंटिमीटरवर लागली तरी चांगलं म्हणायचं. वर अर्धा मीटर नवी वाळू आली असेल तर मशीन वीस हजारांचं असो की लाखाचं, दोन्ही सारखीच बहिरी.
म्हणून पहिला प्रश्न मशीनचा नाही, तारखेचा आहे. दिवाळीपर्यंत बरीच वाळू परत आलेली असते. नवरात्र ते कोजागिरी हा काळ त्याहून चांगला.

बर्डीचा_टेक्निशियन
मालगुंडकरांचं बरोबर, पण बडबडीचं कारणही समजून घ्या, नाहीतर तारीख बरोबर निवडूनही डोकं दुखेल.
खारं पाणी वीज वाहून नेतं. ओली वाळू म्हणजे कॉइलखाली पसरलेला एक सलग, कमी वाहकतेचा धातूच समजा. एका फ्रिक्वेन्सीच्या मशीनला ग्राउंड बॅलन्सने (जमिनीचा स्वतःचा सिग्नल वजा करायची सेटिंग) एकाच प्रकारची जमीन रद्द करता येते. किनाऱ्यावर दोन गोष्टी एकत्र असतात, मीठ आणि काळी चुंबकीय रेती. मिठाला बॅलन्स केलं की रेती बोलते, रेतीला केलं की मीठ बोलतं. रत्नागिरीच्या बाजूला पुळणीत इल्मेनाइटचे काळे पट्टे आहेत, तिथे हे जास्त जाणवतं. मल्टी-फ्रिक्वेन्सी मशीन दोन-तीन फ्रिक्वेन्सींची उत्तरं ताडून दोन्ही एकदम वजा करतं. फायदा एवढाच. खोली दुप्पट होत नाही.
तुमच्याच मशीनवर करायचं असेल तर:
सेन्सिटिव्हिटी पूर्ण ठेवू नका, निम्म्यावर आणा आणि बडबड थांबेपर्यंत एकेक पायरी उतरा. ग्राउंड बॅलन्स कोरड्या वाळूत करून ओल्यात जाऊ नका, जिथे फिरायचं तिथेच कॉइल वरखाली पंप करून करा. कॉइल वाळूपासून दोन बोटं वर आणि सगळीकडे सारख्या उंचीवर. टोकाला हात वर उचलला की मीठ लगेच बोंबलतं. आणि पाण्याच्या कडेला आडवं-उभं फिरू नका, पाण्याला समांतर चाला. ओल कमीजास्त होते ती पाण्याकडून वर जाताना. समांतर चाललं तर पट्ट्यात ओल साधारण सारखी राहते आणि बॅलन्स टिकतो. हा बदल फुकटचा आहे.

नाणेसंग्राहक
धागाकर्त्याला "एखादा रुपया" मिळतो याचं कारण डिस्क्रिमिनेशनमध्ये असण्याची दाट शक्यता. म्हणजे मशीन प्रत्येक वस्तूला पडद्यावर जो नंबर देतं, त्यातले काही नंबर बंद करून ठेवणं. लोखंड बंद करून फिरताय ना? आपली सध्याची बहुतेक नाणी फेरिटिक स्टेनलेस स्टीलची, म्हणजे चुंबकाला चिकटणारी. १०, २५, ५० पैसे १९८८ पासून स्टीलचे, रुपया १९९२ पासून. दोनचं नाणं २००४ पर्यंत तांबं-निकेलचं होतं, नंतर तेही स्टीलचं. परदेशी व्हिडिओ बघून "खालचे नंबर सगळे बंद" केलं की तिथली तांब्या-निकेलची नाणी येतात, आपली गायब होतात. भारतीय स्टीलच्या नाण्याचा नंबर उड्या मारतो: एका बाजूने लोखंड, दुसऱ्या बाजूने एकदम वर.
नाणी पैशासाठी नका शोधू, ती घड्याळ आहेत. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. एकाच पट्ट्यात चार आण्याची दोन-तीन नाणी निघाली तर तिथला थर तरी तितका जुना, म्हणजे वरची नवी वाळू वाहून गेलेली आहे. तिथून हलू नका. उलट सगळी नाणी चकचकीत आणि नव्या सालांची, तर तुम्ही याच मोसमाच्या वाळूत फिरताय.

तर्रीपोहे
म्हणजे चार आणे चलनातून गेले पण कामातून नाई गेले. सरकारला कळवा.

मालगुंडकर
नाणेसंग्राहकांनी फार महत्त्वाचं सांगितलं. तेच वजनाच्या भाषेत मांडतो, कारण या धाग्याचं उत्तर मला तिथेच दिसतं.
वाळूची घनता साधारण २.६५. अॅल्युमिनियम २.७. म्हणजे पाण्यात अॅल्युमिनियमची पन्नी अगदी वाळूसारखीच वागते, वाळू जिथे जाईल तिथे तीही. स्टील ७.८, शिसं ११.३, चांदी १०.५, २२ कॅरेट सोनं जवळपास १७.७. पाण्यातलं वजन धरलं तर सोनं तेवढ्याच आकाराच्या वाळूच्या दहापट भारी भरतं, शिसं सहापट, स्टील चारपट. लाटा वाळू हलवत राहतात आणि भारी वस्तू कडक थर लागेपर्यंत खाली बसत जाते.
यातून नियम निघतो. पहिल्या अर्ध्या तासात जे निघेल ते फेकू नका, पिशवीत वेगळं ठेवा आणि बघा. नुसती पन्नी, डब्यांचे तुकडे, हलका माल? नवी वाळू आहे, पन्नास पावलं पुढे चला. मासेमारीच्या जाळ्याची शिशाची वजनं, गंजून काळी पडलेली नाणी, जुने खिळे, तांब्याची तार एकत्र मिळतायत? शिसं जिथे थांबलं तिथे सोनंही थांबू शकतं. ती जागा हातभर अंतराने पिंजून काढा.

कन्हानकाठ
हे ओल्या पट्ट्याला लागू आहे, कोरड्या वाळूला नाही. भरतीरेषेच्या वर लाट पोचतच नाही, मग चाळणी कोण लावणार? तिथे वस्तू पायाखाली तुडवून खाली जाते, ती पण वीतभर. कोरड्यात घनता विसरा आणि माणसं बघा. कपडे बदलायचा आडोसा, भेळेच्या गाड्यांची मागची बाजू, घोडा-उंटावर चढायची जागा, पोरं वाळूत लोळतात ती जागा, आणि रिक्षातून उतरून चपला काढतात ती कड. ढक्कनं तिथेच जास्त, हे खरं. त्याला इलाज म्हणजे लहान, सहा इंची कॉइल. मोठ्या कॉइलखाली एकाच वेळी तीन ढक्कनं येतात आणि मधली कुडी झाकली जाते.

मालगुंडकर
मान्य. मी ओल्या पट्ट्याचंच बोलत होतो. आणि आकाराचाही फरक पडतो: साखळी पसरून आडवी पडली तर अंगठीइतकी चटकन खाली जात नाही.

चुंबकवाला
ढक्कन ओळखायची युक्ती कुणीच सांगितली नाही. सिग्नलवर कॉइल मधोमध न नेता हळूहळू मागे ओढा, म्हणजे वस्तू कॉइलच्या पुढच्या टोकाखालून बाहेर निघेल. गोल सलग धातू असेल तर आवाज गोड राहूनच कमी होतो. ढक्कन असेल तर शेवटी खरखर किंवा लोखंडाचा घोगरा आवाज येतो. दुसरं, कॉइल वीतभर वर उचला: वरच्या थरातल्या ढक्कनाचा आवाज तरी दांडगा राहतो. मल्टी मशीन असेल तर सिग्नलवर उभं राहून ५ किलोहर्ट्झवर बदला. बहुतेक ढक्कनं लोखंडाच्या बाजूला घसरतात. सगळीच नाही.

संत्रानगरी
मग पन्नी आणि सोनं वेगळं कसं करायचं? नंबर जवळजवळ सारखे येतात.

बर्डीचा_टेक्निशियन
नाही करता येत. खणावंच लागतं. हा धंदाच तसा आहे.
कारण समजलं की त्रास कमी वाटतो. मशीन "सोनं" ओळखत नाही. वस्तूत उठणारा भोवरा-प्रवाह किती वेळ टिकतो ते मोजतं. तो धातूवर अवलंबून आहे, तसाच आकारमानावर आणि जाडीवर. जाड पन्नीचा चुरगळलेला गोळा आणि पातळ अंगठी दोघांची वेळ एकच येऊ शकते. आपल्या दागिन्यांचं अजून एक आहे. बंद कडं असलेली अंगठी ठणठणीत बोलते. जोडवी मधून उघडी असतात, त्यामुळे प्रवाहाचं वर्तुळ पूर्ण होत नाही आणि चांदीची असूनही नंबर खाली येतो. पैंजण किंवा सोन्याची चेन असेल तर मशीनला एकेक कडीच दिसते, म्हणून तोळाभराची चेन एखाद्या पन्नीच्या चिंधीएवढी क्षीण वाजते. मंगळसूत्रात पोत अशीच जाते, आणि सापडलंच तर वाट्यांमुळे सापडतं.
म्हणून खालचे नंबर बंद करणारा माणूस स्वतःहून सोनं सोडून येतो. बंद काय करायचं, तर फक्त अगदी तळाचं लोखंड, आणि तेही नाणेसंग्राहक म्हणाले तसं स्टीलची नाणी घड्याळ म्हणून वापरायची नसतील तरच.
गुटख्याच्या पुड्यांना मात्र घाबरू नका. त्यांच्यावरचा धातूचा थर इतका पातळ असतो की मशीन बहुतेक गप्पच राहतं. त्रास देते ती गोळ्यांची पन्नी आणि सिगारेटच्या पाकिटातली.

पीआय_प्रेमी
एवढा घोळ कशाला? पल्स इंडक्शन (पीआय) मशीन घ्या, ते सलग लहर न सोडता झटके सोडतं आणि झटका थांबल्यावर ऐकतं. मीठ, काळी रेती, दोन्हीचा प्रश्न मिटतो आणि खोलीही मिळते. घरी बनवता येतं. २६ सेंटिमीटर व्यासाच्या रिंगेवर एनॅमल तारेचे २२ वेढे घेतले की साधारण ३०० मायक्रोहेन्री भरतात. मॉसफेट, ऑप-अँप, १२ व्होल्टची बॅटरी. सामान बर्डीवर मिळतं.

बर्डीचा_टेक्निशियन
मिळतं, पण अर्धी गोष्ट सांगितलीत. पीआयला लोखंड आणि सोनं सारखंच. खिळ्यांच्या किनाऱ्यावर एका सुट्टीत हात गळून जातील. दुसरं, पल्स बंद झाल्यावर किती उशिराने ऐकायचं यावर सगळं आहे. १० मायक्रोसेकंदांच्या आसपास ठेवलं तर बारीक सोनं लागतं, पण तेवढ्या लवकर ऐकायचं तर कॉइल तितक्या लवकर शांत व्हायला हवी. पीव्हीसीची जाड केबल आणि घट्ट एकावर एक वेढे घेतले की कॉइलची कपॅसिटन्स वाढते, मग उशीर २०-२५ वर न्यावा लागतो आणि कुडी, चेन हातची जाते. घरगुती पीआय "नाणी दाखवतं, चेन दाखवत नाही" अशी तक्रार बहुतेक इथूनच येते. डॅम्पिंग रेझिस्टर ६८० ओहम ते १ किलोओहमच्या मध्ये प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावून जुळवा, ठोकळमानाने लावू नका. आणि कॉइल इपॉक्सीने भरताना आत हवेचा बुडबुडा राहिला तर तार हलते आणि प्रत्येक धक्क्याला खोटा सिग्नल येतो.

पीआय_प्रेमी
प्रीसेटचं मान्य. खिळ्यांचं नाही. खिळे निघतात म्हणजे थर जुना आहे, हे वर तुम्हीच लोकांनी ठरवलंय ना?

मालगुंडकर
हा मुद्दा बिनतोड आहे, बोला आता.

बर्डीचा_टेक्निशियन
जुना थर आधी स्वस्त मशीनने शोधा, मग पीआय काढा. तडजोड.

धरमपेठकर
एक विचारू? गणपती विसर्जनानंतर लगेच किनारा शोधला तर? दरवर्षी कुणाचा ना कुणाचा मूर्तीवरचा हार काढायचा राहतो आणि तसाच पाण्यात जातो.

सुलभाताई
हे मला अजिबात आवडलं नाही. श्रद्धेने सोडलेल्या गोष्टीवर टपून बसायचं?

कन्हानकाठ
ताई, सोडलेलं आणि विसरलेलं यात फरक आहे. विसरलेला हार घरच्यांना परत मिळाला तर त्यांना आनंदच होईल. पण तुमचा विरोध व्यवहारानेही बरोबर ठरतो. प्लॅस्टरच्या मूर्तींमध्ये तार आणि सळ्या असतात, मखराच्या टाचण्या, पत्र्याचे तुकडे, चमचमणाऱ्या पट्ट्या, सगळं त्याच वीस-पंचवीस पावलांत. मशीन एक मिनिट गप्प बसत नाही. शोधायचंच तर ज्या घराचं हरवलंय त्यांनी बोलावलं आणि नेमकी जागा दाखवली तरच. नाहीतर नको.

निवृत्त_नायब
कायद्याचं कुणीतरी बोलायला हवं म्हणून लिहितो. 'इंडियन ट्रेझर ट्रोव्ह अॅक्ट, १८७८' अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर काय, कुठे, कधी सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं. मर्यादा दहाच रुपये, हसू नका. लपवलं तर वाटा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कळवलं, मालक कुणी पुढे आला नाही, आणि जागामालकाशी वेगळा करार नसेल, तर तीन-चतुर्थांश सापडवणाऱ्याला, उरलेलं जागामालकाला. पुरातन वस्तूंचा १९७२ चा कायदा वेगळा: शंभर वर्षांहून जुनी वस्तू असेल तर "माझ्या मशीनला सापडली" हे उत्तर चालत नाही.
काल-परवा हरवलेल्या अंगठीचं प्रकरण निराळं. ती कुणाची तरी आहे. मालक शोधायचा वाजवी प्रयत्न न करता खिशात घातली तर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१४ आहे, जुन्या दंड संहितेत ते ४०३ होतं. जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करून पोच घ्या, विषय संपला.
किल्ल्यांच्या पायथ्याशी आणि चौल, दाभोळसारख्या जुन्या बंदरांच्या परिसरात मशीन काढूच नका. जाताना ग्रामपंचायतीला सांगा, सागरी पोलिसांना कळवा. पहाटे अंधारात हेडफोन लावून वाळू उकरणारा अनोळखी माणूस गावाला आवडत नाही, आणि त्यात गावाचं काही चुकत नाही.

सुलभाताई
आणि कासवं! वेळास, आंजर्ले या भागात ऑलिव्ह रिडले साधारण नोव्हेंबर ते मार्च अंडी घालतात. घरटं भरतीरेषेच्या वर, कोरड्या वाळूत, हातभर खोल असतं. त्या दिवसांत तिथे कोरड्या पट्ट्यात स्कूप (वाळू उपसायचा छिद्रांचा डाव) मारायचा नाही म्हणजे नाही.

संत्रानगरी
नोंद घेतली ताई. आता नागपूरच्या सरावाचं सांगा की राव.

कन्हानकाठ
उन्हाळ्यात कन्हानच्या कोरड्या पात्रातली वाळू. पण एक लक्षात ठेवा, आपलं शहर दोन प्रकारच्या खडकांच्या सीमेवर बसलंय. पश्चिमेकडे काटोल-हिंगण्याच्या बाजूला बेसाल्ट आणि त्याची काळी माती, पूर्वेला जुने स्फटिकी खडक. काळ्या मातीत चुंबकीय कण भरपूर, ग्राउंड बॅलन्सचा आकडा चढा येतो आणि सुटा बेसाल्टचा गोटा नाण्यासारखा वाजतो. नदीच्या पांढऱ्या वाळूत तोच आकडा खाली येतो. एकाच सकाळी दोन्ही ठिकाणी बॅलन्स करून बघितलं तर हात बसतो. मिठाचा सराव मात्र इथे होत नाही. बादलीभर वाळूत खारं पाणी ओतून बघता येईल, पण कॉइल बादलीपेक्षा रुंद असल्याने खरं उत्तर मिळत नाही.
आणखी एक सराव. अंगणात एक रुपया, एक जोडवं, एक ढक्कन आणि पन्नीचा गोळा दहा सेंटिमीटरवर पुरा, हातभर अंतराने. डोळे मिटून ओळखता येईपर्यंत फिरवा.

निवृत्त_नायब
जुनापाणी, माहुरझरीच्या शिळावर्तुळांकडे कुणी मशीन घेऊन जाऊ नका. तिथल्या दफनांत लोखंडाच्या, तांब्याच्या वस्तू निघाल्या आहेत म्हणूनच सांगतो. ते उत्खनन पुरातत्त्ववाल्यांचं. तिकडे मनसर, पवनी, अडम हेही तसंच.

चुंबकवाला
सरावाला मशीनच हवं असं नाही. नदीच्या पुलाखाली पोट्टे दोरीला स्पीकरचं चुंबक बांधून पाण्यात सोडतात आणि लोकांनी फेकलेली नाणी ओढून काढतात. वर नाणेसंग्राहकांनी सांगितलेलं फेरिटिक स्टील इथे कामी येतं. पितळी पाचाचं नाणं मात्र चुंबकाला दाद देत नाही, ते तळाशीच राहतं.

इतवारीवाला
खरे उस्ताद तर सोनझरी लोक. इतवारीच्या सराफा ओळीत पहाटे गटाराचा आणि रस्त्याचा गाळ गोळा करायचा, लाकडी परातीत धुवायचा, हलकं वाहू द्यायचं, भारी तळाला ठेवायचं. ना बॅटरी, ना नंबर. मालगुंडकरांनी घनतेचा जो हिशोब सांगितला तो त्यांच्या मनगटात असतो. परात पाण्यात गोल फिरवताना एका कडेला जो काळा बारीक कणांचा अर्धचंद्र उरतो ना, त्याच्या मागच्या टोकाला पिवळं दिसतं. किनाऱ्यावर काळ्या रेतीची रेघ दिसली की तिचं भारी टोक शोधा, तत्त्व एकच.

मालगुंडकर
अगदी. फक्त एक भर. किनाऱ्यावरची काळी रेघ वरच्या वर तयार होते आणि पुढच्या भरतीला मोडते, तिच्यामागे उगाच धावू नका. काळा थर जाडसर आणि खणल्यावर खालीही लागत असेल तर कामाचा.

तर्रीपोहे
धागाकर्ते, इतवारीत मशीन फिरवा. खाली सोनं, वर सराफ, मधे तुम्ही. जमानत कोन करन ते आधी ठरवा.

संत्रानगरी
😄 आता मुद्द्यावर. हातात दोन सकाळी आहेत, मशीन तेच जुनं, सुट्टी दिवाळीचीच. नेमकं काय करू?

मालगुंडकर
दिवाळीचा एक फायदा आहे: अमावास्या असते, म्हणजे उधाण आयतंच. आणि सगळ्यात खोल ओहोटी अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी लागते. वेळ काढायची जुनी रीत, तिथीचे पाऊणपट. भाऊबीजेला द्वितीया, दोनाचे पाऊणपट दीड. भरती दीडला, त्यात सहा तास बारा मिनिटं मिळवा, ओहोटी पावणेआठच्या आसपास. हा हिशोब मुंबईकडचा. दक्षिणेला रत्नागिरी, मालवणकडे भरती त्याहून लवकर येते, म्हणून तिथल्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून घ्या. अष्टमीच्या आसपास जाऊ नका, तेव्हा भांग असतो, पाणी पुरेसं मागे सरतच नाही.
ओहोटीच्या दोन तास आधी पोचा, ओहोटीनंतर तासाभरात थांबा. आधी मशीन न काढता नुसते चाला. तीन गोष्टी बघा: वाळूला कापल्यासारखी पायरी पडलीये का, पाणी ओसरल्यावर किनाऱ्याला समांतर लांबट डबकं उरलंय का, आणि बारीक वाळू संपून जाडी वाळू किंवा शिंपल्यांचा चुरा कुठे लागतो. डबक्याचा तळ सगळ्यात आधी, कारण तिथे वरची वाळू कमी. पायरी असेल तर तिच्या पायथ्याशी. मऊ, पाय रुतणारी, फुगलेली वाळू असेल तर तिथे एक मिनिट घालवू नका.
मग नागमोडी एक चक्कर, मोठ्या पावलांनी, फक्त नमुना घ्यायला. वीस-पंचवीस सिग्नल खणा, जे निघेल ते. पिशवी बघा. हलका माल असेल तर किनारा बदला. भारी माल असेल तर तिथे रेघा मारून समांतर पट्टे करा. प्रत्येक झोल आधीच्या झोलावर निम्मा चढलेला, एक डावी-उजवी तीन-चार सेकंदांची. घाईने फिरवलं तर चेनसारखा क्षीण आवाज निसटतो.
अलिबागसारखा सपाट, टणक ओला किनारा या कामाला सोपा. गणपतीपुळ्याला उतार जास्त आणि पाणी ओढतं. तिथे पाण्यात उभं राहून मशीन चालवायचं नाही, ओहोटीतही नाही.

नाणेसंग्राहक
शक्य असेल तर पुढच्या वर्षी सुट्टी कोजागिरीला टाका. पौर्णिमेचं उधाण, आणि वाळू अजून पूर्ण परतलेली नाही. दिवाळी घरी करा.

तर्रीपोहे
कोजागिरीचं दूध वाळूत सांडलं तर ते पण शोधून देतं का मशीन?

कन्हानकाठ
अजून एक पर्याय कुणी बोललं नाही. सरळ रेषेत मोजलं तर नागपूरहून विशाखापट्टणमचा किनारा मुंबईपेक्षा जवळ आहे. तिथे भरती-ओहोटीतला फरक उधाणालाही दीडेक मीटरच, म्हणजे उघडा पडणारा पट्टा अरुंद. पण ऑक्टोबर-डिसेंबरच्या वादळांनी किनारा कापला जातो, तेव्हा कोकणात वाळू भरत असते. तिथीची पाऊणपट तिकडे चालणार नाही, तिथला तक्ता बघा. आणि वादळाचा इशारा पूर्ण उठल्यावरच जा.

संत्रानगरी
हे डोक्यात आलंच नव्हतं. स्कूपच्या छिद्रांचं शेवटचं विचारतो. माझ्याकडे १२ मिलिमीटर छिद्रांचा स्टीलचा आहे. कुडी गळेल का?

चुंबकवाला
गळेल. चेनसुद्धा एका कडेने सरकून जाते. ओल्या जाड वाळूत १२ ठीक, कारण बारीक छिद्रातून ओली वाळू उतरत नाही आणि हात मोडतो. उपाय असा की स्कूप रिकामा झाला आणि सिग्नल गेला असं वाटलं की लगेच पुढे जाऊ नका. खड्ड्यावर पुन्हा कॉइल फिरवा, मग गळालेल्या वाळूच्या ढिगावर. ढीग वाजला तर तो प्लॅस्टिकच्या बारीक चाळणीत डबक्याच्या पाण्यात चाळा. कोरड्यात सहा-सात मिलिमीटरची चाळणीच वापरा. खड्डे बुजवून या, सकाळी धावणाऱ्यांचे पाय मुरगळतात.

बर्डीचा_टेक्निशियन
परत आल्यावर कॉइलचं खालचं कव्हर काढून आतली वाळू धुवा. त्यात काळी रेती अडकली तर पुढच्या वेळी खोटे सिग्नल येतात. नळाच्या जोरदार धारेखाली धरू नका, बादलीत बुडवा, दोनदा पाणी बदला. दांड्याच्या कड्यांमधलं मीठ सुकू दिलं तर दांडा एकमेकांत जाम होतो. आणि बॅटरी मे महिन्यात गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. नागपूरच्या उन्हात बंद डिक्कीत लिथियम सेल फुगतो, मग दसऱ्याला मशीन सुरूच होत नाही.

संत्रानगरी
भाऊबीज ठरली. आधी पिशवी, मग मशीनची किंमत. शिसं निघालं तर इथेच कळवतो, ढक्कनं निघाली तर तर्रीपोहे यांना पाठवतो.

तर्रीपोहे
पाठव, पण धुऊन पाठव बे.